गेममधला मोशन ब्लर: तुमच्या डोळ्यांचा नव्हे, कॅमेऱ्याचा

"डॉक्टर, गेम खेळताना याचं डोकं दुखतं आणि मळमळतं. मोशन ब्लर बंद केला तर बरं वाटेल का?" असा प्रश्न हल्ली ओपीडीत महिन्यातून एकदा तरी येतो. कधी आई विचारते, कधी इंजिनिअरिंगचा मुलगा स्वतः विचारतो. त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न असतो, "आणि याने डोळे खराब होतात का?" दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात देता येतं: नाही. पहिल्याला मात्र जरा वेळ द्यावा लागतो, कारण मोशन ब्लर म्हणजे काय आणि तो गेममध्ये आला कुठून, हे कळल्याशिवाय चालू-बंदचा निर्णय अंदाजपंचे होतो. म्हणून आज औषधापेक्षा इतिहास जास्त सांगणार आहे.

आधी एक प्रयोग करून बघा. आपल्या कांजूरमार्गला फास्ट लोकल थांबत नाही, ती धडधडत निघून जाते. प्लॅटफॉर्मवर पिवळ्या रेषेच्या पुरेसं मागे उभे राहा आणि समोरच्या एखाद्या खांबावर नजर रोखून धरा. मधून गाडी जाते तेव्हा तिच्या खिडक्यांचा एक लांबलचक फराटा दिसतो. पुढच्या गाडीच्या वेळी खांबाकडे बघू नका. येणाऱ्या गाडीची एक खिडकी पकडा आणि नजर तिच्याबरोबर फिरवा. निमिषभर का होईना, दारात लटकलेल्या माणसाचा चेहरा, त्याच्या शर्टाचा रंग, कानातली वायर, सगळं स्वच्छ दिसतं. गाडीचा वेग तोच, प्रकाश तोच, डोळेही तेच. बदललं ते इतकंच, की डोळा कशाच्या मागे गेला. हा फरक लक्षात ठेवा, पुढचा सगळा लेख त्यावर उभा आहे.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली ती याच वाटेने. आगगाडी येण्यापूर्वी माणसाने वेग पाहिला होता, पण तो घोड्याचा. तेव्हाही डोळ्यांची ही करामत वैद्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. पुर्किन्ये या शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशातच नोंदवून ठेवलं, की समोरून घोडदळ जात असताना प्रेक्षकांचे डोळे घोड्याबरोबर सरकतात, मग झटक्यात मागे येतात आणि पुढचा घोडा धरतात. लोकलच्या खिडकीशी बसून बाहेर बघणाऱ्या सहप्रवाशाचे डोळे जरा निरखा, नेमकं हेच दिसेल. न्यूरोलॉजीची तपासणी करताना काळे-पांढरे पट्टे फिरवून आम्ही डॉक्टर हेच तपासतो.

डोळ्याची ही सोय कॅमेऱ्याला नव्हती. 1838 साली डागेरने पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. एक्स्पोजर कित्येक मिनिटांचं होतं. त्यामुळे चालणारी माणसं, घोडागाड्या सगळ्या पुसल्या गेल्या आणि रस्ता ओसाड दिसू लागला. उरला तो फक्त बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला माणूस. मोशन ब्लरचा जन्म इथला. काच उघडी असताना वस्तू हलली की तिचा ठसा पसरतो. एक्स्पोजर मोठं असेल तर वस्तू नाहीशी होते, मध्यम असेल तर तिचा फराटा होतो, अगदी लहान असेल तर ती जागीच गोठते. ब्लर ही कॅमेऱ्याची मर्यादा होती. ते कोणाचं कौशल्य नव्हतं.

कल्याण, गिरगाव आणि फाळक्यांचे डोळे

हलत्या चित्रांचा नाद आपल्याकडे सिनेमाच्याही आधीपासून होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याच सेंट्रल लाइनवरच्या कल्याणमध्ये महादेवराव पटवर्धन आणि त्यांची मुलं 'शांबरिक खरोलिका' नावाचा खेळ करत. हाताने रंगवलेल्या काचा, त्यामागे दिवे, आणि काचा चपळाईने बदलून पडद्यावर हालचाल झाल्याचा भास. त्या काचांवरचं प्रत्येक चित्र रेखीव, ब्लरचा मागमूस नाही. तरी प्रेक्षकांना हालचाल दिसायची.

मग 7 जुलै 1896 ला वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंचा सिनेमा दाखवला गेला. त्यात स्टेशनात शिरणारी गाडीही होती. 1911 च्या ईस्टरच्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये धुंडिराज गोविंद फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांना झपाटल्यासारखं झालं. मिळेल तो सिनेमा पाहणं, घरी येऊन पुन्हा त्याच गोष्टीचा अभ्यास, झोप जेमतेम. त्यात त्यांची दृष्टी गेली आणि डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी, तीन-चार चष्म्यांच्या मदतीने, ती परत आली. ही हकीकत त्यांनी स्वतः नंतर लिहून ठेवली आहे.

ही गोष्ट पेशंटना सांगितली की ते म्हणतात, "बघा, म्हणजे पडदा बघून डोळे जातात!" इथे जरा थांबा. काही ठिकाणी फाळक्यांना मोतीबिंदू झाल्याचं लिहिलेलं आढळतं. पण मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं, ते चष्म्याने स्वच्छ होत नाही. चष्मे लावून जी नजर सुधारते ती बहुधा नंबरची किंवा फोकस करणाऱ्या स्नायूंच्या थकव्याची तक्रार असते. फाळके तेव्हा चाळिशी ओलांडून गेले होते, म्हणजे जवळचं वाचायला चष्मा लागण्याच्या वयातच होते. शंभर वर्षांनंतर मी निदान करायला बसणार नाही, पण सिनेमाने त्यांना आंधळं केलं असं कोणी सांगितलं तर माझा विश्वास बसणार नाही. अपुरी झोप, तासन् तास एकटक बघणं आणि बाकी दुनियेचा विसर, यांनी डोळे थकतात आणि कोरडे पडतात. गेम खेळणाऱ्यांची तक्रार आजही हीच आहे.

बऱ्या झालेल्या डोळ्यांनी फाळके लंडनला गेले, विल्यमसन कंपनीचा हाताने फिरवायचा कॅमेरा घेऊन आले आणि घरातच कुंडीतल्या वाटाण्याच्या वेलाची वाढ चित्रित केली. 'अंकुराची वाढ'. थांबून थांबून, एकेक फ्रेम घेऊन. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये, जो 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, माणसं चालत्या कॅमेऱ्यासमोर वावरली. या दोन कामांत एक मोठा फरक आहे. कॅमेरा सलग फिरत असला की प्रत्येक फ्रेमसाठी काच सेकंदाच्या साधारण तिसाव्या भागाइतकी उघडी राहते आणि तेवढ्या वेळात हललेला हात थोडा पुसट होतो. एकेक फ्रेम थांबवून घेतली तर पुसटपणा नाही, सगळं रेखीव, पण हालचाल धक्के खात होते.

हे धक्के चित्रपटवाल्यांना पुढे फार त्रास देणार होते. बोलपट आल्यावर सेकंदाला 24 फ्रेम हा वेग ठरला आणि प्रत्येक फ्रेमला साधारण 1/48 सेकंद प्रकाश मिळू लागला. 24 चित्रं खरं म्हणजे कमी आहेत. पण प्रत्येक चित्रात हालचालीचा फराटा असल्यामुळे एक चित्र दुसऱ्यात मिसळतं आणि आपल्याला ते ओघवतं वाटतं. 1963 च्या 'जेसन अँड द आर्गोनॉट्स'मध्ये रे हॅरीहाउसेनने बाहुल्यांचे सांगाडे एकेक फ्रेम हलवून लढवले. काम अप्रतिम, पण सांगाडे थरथरतात, कारण त्यांना ब्लर नाही. 1981 मध्ये 'ड्रॅगनस्लेयर'साठी कारागिरांनी यंत्र लावून बाहुली काच उघडी असतानाच हलवली, मुद्दाम पुसट व्हावी म्हणून. 1984 मध्ये लुकासफिल्मच्या संगणक विभागाने, ज्यातून पुढे पिक्सार निघाली, बिलियर्डच्या चेंडूंचं एक चित्र केलं. चेंडूंवर 1, 9, 8, 4 हे आकडे होते, आणि हलणाऱ्या चेंडूंचे फराटे गणिताने काढलेले होते. ज्या दोषातून सुटण्यासाठी फोटोग्राफरांनी पन्नास-साठ वर्षं धडपड केली, तो आता संगणकाकडून कष्टाने तयार करून घ्यावा लागत होता.

पडद्यावरचं चित्र आणि मेंदूतलं चित्र

शाळेत आपण 'दृष्टिसातत्य' शिकलो. डोळ्याच्या पडद्यावर प्रतिमा क्षणभर रेंगाळते म्हणून सिनेमा हलता दिसतो, असं. हे अर्धंच खरं आहे. मॅक्स वर्टहायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाला 1910 मध्ये रेल्वे प्रवासात एक कल्पना सुचली, तो फ्रँकफर्टला उतरला आणि हलती चित्रं दाखवणारं एक खेळणं विकत घेऊन प्रयोगाला लागला, अशी गोष्ट सांगतात. 1912 मध्ये त्याने दाखवलं, की दोन स्थिर रेषा योग्य अंतराने एकामागून एक दाखवल्या तर मेंदू स्वतःच त्यांच्यात हालचाल घालतो. म्हणजे हालचाल दिसण्यासाठी ब्लर लागतच नाही. पटवर्धनांच्या रेखीव काचा हलत्या दिसायच्या त्या यामुळे.

मेंदू आणखी एक काम करतो, ब्लर लपवण्याचं. आपले डोळे सेकंदाला तीन-चार वेळा इकडून तिकडे उडी मारतात. प्रत्येक उडीत डोळ्यासमोरचं सगळं जग पुसट व्हायला हवं, पण आपल्याला ते जाणवत नाही. आरशासमोर उभे राहून एकदा डाव्या, एकदा उजव्या डोळ्याकडे बघा. स्वतःचे डोळे हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत, शेजारी उभ्या असलेल्याला मात्र स्पष्ट दिसतील. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात तुम्हालाही दिसतील, कारण तिथे चित्र किंचित उशिरा येतं.

अजून एक प्रयोग, घरच्या घरी. हे वाचत असताना मोबाइल स्थिर धरा आणि मान नाही-नाही म्हणतो तशी हलवा. अक्षरं वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून मोबाइल त्याच वेगाने हलवा. अक्षरं पुसट होतात. मान हलली की आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नलिका सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास डोळ्यांना उलट दिशेने वळवतात. निसर्गाने ही सगळी यंत्रणा उभी केली आहे ती ब्लर टाळण्यासाठी.

आता गेमकडे या. टीव्हीला कॅसेटचा डबा जोडून मारिओ, कॉन्ट्रा खेळण्याच्या दिवसांत गेममध्ये ब्लर नव्हता आणि कोणाला त्याची उणीवही भासली नाही. जाड काचेच्या जुन्या टीव्हीत प्रत्येक बिंदू क्षणभर चमकून विझायचा, त्यामुळे नजर मारिओच्या मागे गेली तरी तो रेखीव दिसायचा. मग सायबर कॅफेचा काळ आला. 2002 च्या 'व्हाइस सिटी'ची आठवण अनेकांना असेल. त्याच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'ट्रेल्स' नावाचं एक बटण होतं. चालू केलं की आधीच्या फ्रेमची पुसट छाया पुढच्या फ्रेमवर रेंगाळायची आणि सगळ्या शहरावर एक धूसर साय पसरायची. मोशन ब्लरचा हा गरिबीतला अवतार. पुढच्या चार-पाच वर्षांत ग्राफिक्स कार्ड ताकदवान झाली. 2005 चा 'शॅडो ऑफ द कोलोसस', 2007 चा 'क्रायसिस', यांत प्रत्येक वस्तूच्या वेगानुसार ब्लर मोजला जाऊ लागला. गेम सिनेमासारखा दिसावा ही हौस त्यामागे होती.

माझ्या मते गोची झाली ती इथे. सिनेमात तुम्ही कुठे बघायचं हे दिग्दर्शक ठरवतो. नायकाचा चेहरा रेखीव, मागची झाडं पुसट, आणि तुमची नजर चेहऱ्यावरच असते. गेममध्ये नजर तुमची स्वतःची असते. तुम्ही मान वळवल्यासारखा माउस फिरवता, कोपऱ्यातून निघालेल्या शत्रूवर डोळे टाकता, आणि नेमका तोच पुसट असतो. कारण गेमला तुमचे डोळे कुठे आहेत हे माहीत नसतं. तो कॅमेऱ्याच्या हिशोबाने सगळं पुसतो. फास्ट लोकलची खिडकी तुम्ही नजरेने धरली आणि तरीही ती कोणीतरी पुसून टाकली, तर जसं चमत्कारिक वाटेल तसं. खांबाकडे बघणाऱ्यासाठी ब्लर बरोबर आहे, खिडकीकडे बघणाऱ्यासाठी चूक आहे, आणि खेळणारा माणूस बहुतेक वेळा खिडकीकडेच बघत असतो.

त्यातून आजचे एलसीडी पडदे स्वतःचा ब्लर आधीच घालतात. जुन्या टीव्हीसारखे ते चमकून विझत नाहीत, पुढची फ्रेम येईपर्यंत चित्र तसंच धरून ठेवतात. डोळा मात्र सरकत राहतो. 1920 बिंदू रुंदीचा पडदा दोन सेकंदांत पार करणारी वस्तू घ्या. 60 हर्ट्झच्या पडद्यावर नजरेने तिचा पाठलाग केला तर ती सुमारे 16 बिंदूंनी पसरते, 120 हर्ट्झवर 8. गेमने घातलेला ब्लर याच्यावर पुन्हा चढतो. म्हणजे धुक्यात चष्म्यावर वाफ.

"मग कंपन्या ठेवतात कशाला? काहीतरी फायदा असेल ना?" असाही एक रास्त प्रश्न आहे. 2013 मध्ये लावण्या शरण आणि सहकाऱ्यांनी डिस्ने रिसर्चच्या कामातून हे तपासलं. रेसिंगचा गेम, म्हणजे ब्लरचा फायदा व्हायचाच तर जिथे जास्त व्हावा असा. खेळणाऱ्यांना ब्लर आहे की नाही ते ओळखता आलं, पण त्याने त्यांच्या खेळण्याच्या अनुभवात सुधारणा झाली नाही. शोधनिबंधाच्या मथळ्यातच तसं लिहिलं आहे. एका अभ्यासाने जग ठरत नाही हे खरं, पण ब्लर 'नैसर्गिक' आहे म्हणून चालू ठेवा, असं सांगणाऱ्यांच्या बाजूने तो नक्कीच नाही. व्हीआर हेडसेट बनवणाऱ्यांनी तर उलटी वाट धरली. 2014 च्या ऑक्युलसच्या दुसऱ्या डेव्हलपमेंट किटपासून पडदा प्रत्येक फ्रेमला अगदी थोडे मिलिसेकंद उजळून विझवायला सुरुवात झाली. जुन्या टीव्हीसारखं. मान हलवताना होणारा फराटा तिथे लोकांना सहन होत नव्हता.

मळमळ कुठून येते

काहींना बसमध्ये गाडी लागते, तशी काहींना गेम लागते. कारण एकच, फक्त उलट बाजूने. बसमध्ये पुस्तक वाचताना कान सांगतो की आपण हलतोय आणि डोळा सांगतो की स्थिर आहोत. गेममध्ये डोळा म्हणतो पळतोय, कान म्हणतो खुर्चीत बसलोय. हा विसंवाद जेम्स रीझन आणि ब्रँड यांनी 1975 च्या त्यांच्या पुस्तकात नीट मांडला. पण त्याआधीच, 1950 च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकी नौदलाच्या हेलिकॉप्टर सिम्युलेटरमध्ये बसलेल्या वैमानिकांना मळमळू लागलं होतं, आणि गंमत म्हणजे नवख्यांपेक्षा अनुभवी वैमानिकांना जास्त. खरं हेलिकॉप्टर कसं हलतं हे त्यांच्या कानाला पाठ होतं ना!

त्यामुळे मळमळीचा सगळा दोष ब्लरच्या माथी मारता येत नाही. अरुंद दृश्यकोन, चालताना हिंदकळणारा कॅमेरा, अडखळणारे फ्रेम, हे साथीदार आहेत. सेटिंगमध्ये 'कॅमेरा ब्लर' आणि 'ऑब्जेक्ट ब्लर' वेगळे दिले असतील तर पहिला बंद करा. माउस फिरवताना अख्खा पडदा पुसला जातो तो त्याच्यामुळे. दुसरा, म्हणजे फिरणारं चाक किंवा शेजारून गेलेली गाडी पुसट होणं, आवडत असेल तर राहू द्या. कॅमेरा शेक बंद करा, दृश्यकोन थोडा वाढवा, पडद्यापासून हातभर मागे सरका, खोलीत दिवा लावा. गेम सेकंदाला 30 फ्रेमनेच चालत असेल तर थोडा ब्लर उलट बरा वाटू शकतो, हॅरीहाउसेनच्या सांगाड्यांची थरथर आठवा. 60 च्या वर असेल तर मी बंदच करायला सांगतो. जांभया, तोंडाला पाणी सुटणं, कपाळावर गार घाम ही पहिली लक्षणं, तेव्हाच थांबा. नेटाने खेळत राहून सवय होत नाही, दुसऱ्या दिवशी गेमचा आवाज ऐकूनच मळमळायला लागतं.

आणि कृपया यासाठी चक्करच्या गोळ्या घेऊ नका. केमिस्टकडून आणलेल्या या गोळ्या महिनोन् महिने चालू ठेवलेली तरुण मुलं मी पाहतो. त्यातल्या काही गोळ्या जास्त दिवस घेतल्या तर हात थरथरतात, हालचाली मंद होतात, आणि मूळ तक्रार झाकली जाते ते वेगळंच. लखलखाटाने येणारी फिट हा स्वतंत्र विषय आहे. डिसेंबर 1997 मध्ये जपानमध्ये पोकेमॉनचा एक भाग पाहून शेकडो मुलं रुग्णालयात गेली, ती लाल-निळ्या लखलखाटामुळे, ब्लरमुळे नव्हे. घरात कोणाला फिटचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. डोळ्यांचा नंबर वाढण्याची काळजी असेल तर मुलांना रोज दिवसाउजेडी बाहेर खेळायला पाठवा. ब्लरच्या बटणाचा नंबरशी संबंध नाही.

गेम बंद करून तासाभरात बरं वाटत असेल तर काळजीचं कारण नाही. पण अंथरुणात कूस बदलताना खोली गरगर फिरते, एका कानाने कमी ऐकू येतं किंवा त्यात शिटी वाजते, एकाच्या दोन वस्तू दिसतात, चालताना तोल एका बाजूला जातो, सकाळी उठल्याउठल्या डोकं दुखून उलटी होते, यातलं एकही असेल तर सेटिंगशी खेळत बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. दोन वस्तू दिसणं किंवा तोल जाणं अचानक सुरू झालं असेल तर त्याच दिवशी.